कोर्टाची पायरी चढलेला पिंजरा

मी एक पिंजरा बोलतोय. पोपटाचा नव्हे हो, डुकरिणीचा. नाक मुरडलंत ना? सवय आहे मला.

एका वेल्डरने मला घडवलं. लांबी डुकरिणीएवढी, रुंदीही डुकरिणीएवढीच. माझ्यातली डुकरीण म्हणजे थोरली. ती माझ्यातच खायची, झोपायची, व्यायची. पण मागे पिल्लं ओरडली तरी तिला वळून बघता येत नसे. बिचारी समोरच्या भिंतीकडे तोंड करून हुंकारायची. लोखंडाचा असलो तरी मला ते ऐकवत नसे.

मग राज्याने कायदा केला: जनावराला वळता येईल एवढी जागा हवीच. मालकाचं पित्त खवळलं. "आता डुकरिणींना काय अंगण बांधून देऊ?" म्हणत तो थेट कोर्टात गेला. त्याच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी हुकूम मिळवला, की निकाल लागेपर्यंत पिंजरा 'जैसे थे' वापरात राहील, कुणी काडीचाही फेरबदल करायचा नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला तर पुरावा म्हणून चौघांनी उचलून चढवलं.

वकीलसाहेब भलतेच रंगात आले. "साहेब, यात गैरसोय कसली? हा बघा, मीच आत जातो!" आणि शिरले की! बाटलीत बूच बसावं तसे घट्ट बसले, तेही न्यायाधीशांकडे पाठ करून.

"वकीलसाहेब, कोर्टाकडे तोंड करून बोला."

"वळता येत नाहीये, साहेब."

"पण वळण्याची गरजच नसते, असं तुमच्याच अर्जात आहे ना?"

वेल्डरला बोलावलं, तर तो म्हणाला, "फेरबदल करायचा नाही असा हुकूम आहे. मी नाही बाबा कापणार!" शेवटी न्यायाधीशांनी वकील सुटण्यापुरती परवानगी दिली. माझी एक अख्खी बाजू कापली गेली. वकील घामाघूम होऊन बाहेर आले. वेल्डर बाजू परत जोडायला वाकला, तेवढ्यात न्यायाधीश म्हणाले, "हात लावू नका. आता आहे तसाच वापरात राहील. हुकूम कायम."

मी डुकरांच्या शेडमध्ये परतलो. काल थोरली व्याली. पिल्लं ओरडली, तशी ती भिंतीकडे बघून हुंकारली. मग अडखळत, दचकत चक्क वळली! एकेका पिल्लाला हुंगत राहिली. मालक कपाळाला हात लावून उभा होता. हुकूम त्यानेच आणलेला, बोलणार कुणाला?

आता नुसत्या तारखा पडताहेत. न्याय लवकर मिळावा असं सगळे म्हणतात. मी मात्र तुमच्या पाया पडून सांगतो, निकालाची घाई करू नका हो. थोरलीचं आणखी एक वेत होऊ द्या.