बाही कुणी वर केली नाही

शहाऐंशी सालची गोष्ट. पद्मजा अंबरनाथच्या एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांचं रक्त तपासायची. विषाला अंगात अडवणारं एन्झाइम कुणात किती उरलंय, हे तिचं संशोधन. पॅकिंगवरच्या हरिचंद्रचं जवळजवळ संपलं होतं. त्याला दुसरं काम देतील, या भरवशावर तिने मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरने त्याला कामावरूनच काढलं.

पुढच्या खेपेला कुणीच बाही वर करेना. पंपावरच्या मधूचे हात थरथरत होते.

"मधू, तू तरी दे रे. जिवाशी खेळ आहे हा."

"मॅडम, हरिचंद्रानी रक्त दिलं आन् घरी बसला. आता मला पन बसवनार काय?"

तिने सुई परत डब्यात ठेवली.

महिन्याभरात मधू पंपापाशीच कोसळला आणि तिथेच गेला. पद्मजाला कळलं, तोवर त्याच्या जागी नवा माणूस लागलाही होता.