दर रविवारचा नकार

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की माणसं साऱ्या गावाला विचारत सुटतात. मेहुण्याला, शेजाऱ्याला, मोबाइलमधल्या अनोळखी लोकांनासुद्धा. सगळ्यांचं ऐकून डोक्याचा पार भुगा झाला की मग माझ्याकडे येतात. चाळीस वर्षं मी मोटरसायकली दुरुस्त केल्या. हात थरथरायला लागला तेव्हा गॅरेज बंद केलं, पण कान अजून शाबूत आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. मला ऐकू येतं म्हणजे. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही, त्याने माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. ही फुशारकी नाही. पुढे जो घोळ झाला तो याच्यामुळेच झाला, म्हणून आधी सांगून टाकतो.

औषधवाला एका रविवारी सकाळी आला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो तो, पंचेचाळिशीचा, सडाफटिंग. त्याला टूरिंगची मोटरसायकल हवी होती, लांब पल्ल्याची, जड, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या असलेली. नवी घेणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मालकाने त्याला सलग पंधरा दिवसांची सुट्टी कबूल केली होती, दोन महिन्यांनंतरची. तेवढ्यात त्याला समुद्रापर्यंत जाऊन यायचं होतं. एवढा घोडा झालो आणि समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलाय, म्हणाला. मी म्हटलं, बघू. मी कोणालाही लगेच हो म्हणत नाही, तो माझा स्वभावच नाही.

पहिली गाडी बघायला गेलो तर इंजिन गरम. मालक म्हणाला, आत्ताच जरा फेरी मारून आलो. मी औषधवाल्याला बाहेर आणलं आणि सांगितलं, जुनी गाडी नेहमी थंड बघायची. आम्ही येणार हे ठाऊक असून ज्याने आधीच तापवून ठेवली त्याला थंड इंजिनाचं काहीतरी लपवायचंय. दुसरीच्या सांगाड्यावर ताजा रंग होता आणि रंगाखाली वेल्डिंगची गाठ. तिसरीच्या मीटरवरचा आकडा सांगत होता की गाडी फार फिरलेली नाही, पण पाय ठेवायचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. चौथीचं चाक वाकडं. चारही नकार खरे होते. देवाशपथ सांगतो, त्यात माझी लबाडी नव्हती.

पण दर नकारानंतर आम्ही कुठेतरी चहाला बसायचो. तो विचारायचा आणि मी बोलायचो. माझी सुरुवातीची वर्षं, कुठल्या गाडीने मला रडवलं, बायको गेल्यावर मी सहा महिने हत्याराला हात कसा लावला नाही, सगळं. हे मला कोणी विचारत नाही. मुलगी फोन करते, नाही असं नाही, पण फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासते. मी भांड्यांशी बोलतोय असंच मला वाटतं. तिचंही बरोबर आहे, तिला वेळ कुठे आहे. मग मी शनिवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवायला लागलो. तिसऱ्या रविवारी मी त्याला अरे-तुरे करायला लागलो आणि त्याला ते आवडलं.

पाचवी गाडी एका बाईंची होती. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेल्या. नोकरीभर त्या त्याच गाडीवर रानोमाळ हिंडल्या होत्या, आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून विकायला काढली होती. गाडी थंडगार. तेल कधी बदललं, साखळी कधी घातली, सगळं त्यांनी एका वहीत तारीखवार लिहून ठेवलेलं. पहिल्याच बटणाला इंजिन चालू झालं. मी स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला. आत इतकं स्वच्छ चाललं होतं की मला भरून आलं. अशी गाडी आता बघायलाही मिळत नाही.

आणि औषधवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हो म्हणायचा अवकाश, तो ती घेणार, समुद्रावर जाणार, आणि पुढच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून कोणाची वाट बघणार? हा विचार एवढा लख्ख आला की माझी मलाच भीती वाटली. मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि मान हलवली.

"क्रँकचं बेअरिंग गेलंय," मी म्हणालो. "घाटात दगा देईल."

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. नक्की का, एवढंच विचारलं. मी त्यांच्या नजरेला नजर न देता नक्की म्हणालो आणि चालू पडलो. त्या दिवशी चहाला बसलो तेव्हा औषधवाला कपातली साय चमच्याने बाजूला सारत बसला. मीच आपला टकळी चालवत होतो.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दार उघडं ठेवून बसलो, पायरीवर कोणाचं पाऊल वाजलं की उठायचो, तर वरच्या मजल्यावरचा. शेवटी गोळ्या संपल्या नसतानाही दुकानात गेलो. त्याने हसून विचारपूस केली. गाडीचा नाद सोडून दिला, म्हणाला. तुमच्यासारख्या जाणकाराला पाचांत एकही पसंत पडली नाही, म्हणजे आपल्या नशिबात ते नाही असं समजायचं. सुट्टीवरही त्याने पाणी सोडलं होतं, ती दुसऱ्या नोकराने घेतली होती. हे सगळं तो इतक्या शांतपणे सांगत होता की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. त्याला जवळ ठेवायला मी खोटं बोललो, आणि त्याच खोट्याने तो गेला. वर त्याचा समुद्रही गेला.

तिथून मी तडक बाईंकडे गेलो. गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं की मी गाडीला खोट काढल्याचं कानावर पडून दोन गिऱ्हाइकं फाटकातूनच परत गेली. बेअरिंगला काही झालेलं नाही हे त्यांना त्या दिवशीच माहीत होतं. मग तेव्हाच माझं तोंड का नाही बंद केलंत, असं मी विचारलं, जसा काही गुन्हा त्यांचाच. त्या म्हणाल्या, विकणाऱ्या बाईचं खरं धरतील की मिस्त्रीचं? त्यांची माफी मागितली. ती त्यांनी दिली की नाही ते कळलं नाही, पण मी निघेपर्यंत त्या फाटकापाशी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गर्दी नसते तेव्हा, मी काउंटरपाशी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. गाडी उत्तम आहे. मी खोटं बोललो. तेवढ्यात खोकल्याचं औषध मागायला कोणीतरी आलं. औषधवाल्याने बाटली काढली, किती वेळा घ्यायचं ते समजावलं, पिशवीत घालून दिली, आणि तो माणूस पायरी उतरेपर्यंत थांबला. मग विचारलं, का?

या प्रश्नासाठी वाटेत मी चांगली दोन-तीन उत्तरं जुळवून ठेवली होती. एकही तोंडातून निघेना.

"गाडी घेतलीस की तू यायचा बंद झाला असतास," मी म्हणालो. "रविवारी मला दुसरं कोणी नाही रे."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. तो काउंटरवरच्या गोळ्यांच्या पाकिटांची चळत सरळ करत राहिला. सरळच होती ती.

"नुसतं ये म्हणाला असतात, तरी आलो असतो," तो म्हणाला. "मला तरी कोण आहे?"

मग तो आतल्या खोलीत गेला आणि मी बराच वेळ थांबलो तरी बाहेर आला नाही. मी घरी आलो. अडुसष्ट वर्षांचा झालो, शेकडो इंजिनं उघडली आणि मिटली, लोकांवर ओरडलो, लोकांना अक्कल शिकवली. पण कोणाला नुसतं ये म्हणायचं मला कधी सुचलंच नव्हतं, जमलंही नसतं. बायकोलासुद्धा मी कामं सांगूनच जवळ बसवायचो.

दोन रविवार गेले. मी फोन हातात घ्यायचो, त्याचा नंबर काढायचो, आणि आता कुठल्या तोंडाने, असं म्हणून ठेवून द्यायचो. तिसऱ्या रविवारी सकाळी बाईंचा फोन आला. तो येऊन गाडी घेऊन गेला, म्हणाल्या. एकटाच आला होता. थंड इंजिनाला हात लावून बघितला, रबरं बघितली, रंग नखाने खरवडून बघितला, तुम्हीच शिकवलंत म्हणत सगळं केलं. सुट्टी पुढच्या वर्षी मिळेल म्हणाला. मग त्यांनी सहज विचारलं, तुम्ही कसे नाही आलात?

मी म्हटलं, मला कोणी ये म्हणालं नाही.