गोजरबाईचा चेहरा

तिसगावच्या पलीकडच्या वस्तीवर अंगणवाडीच्या खात्याचा सगळा इतिहास गोजरबाईच्या डोळ्यांदेखत घडला होता. तिचा गोरक्ष लहान होता तेव्हा अंगणवाडीत वाटी घेऊन जो येईल त्याला खाऊ मिळे. पुढे अंगठा आला, मग सही. आता मोबाईलला चेहरा लागतो. खातं शहाणं होत गेलं आणि माणसांनी मात्र दर वेळी नव्याने ओळख पटवत बसायचं!

दसरा झाला की गोरक्ष आणि सून अश्विनी ऊसतोडीला जात. त्यांची लेक दिशा आजीजवळ राही. वस्तीवर घरोघरी हेच चालतं. चेहऱ्यांची नोंद झाली ती नेमकी ते गेल्यावर. आई गावात नाही म्हणून दिशाच्या नावापुढे गोजरबाईचा चेहरा लागला. तेव्हा म्हातारीला त्याचं कोण कौतुक!

तिला एका डोळ्याने कधीच दिसत नव्हतं. दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकला, तशी केडगावच्या लेकीने डोळ्यांच्या ऑपरेशनच्या शिबिरात नाव घातलं. जीप दारात आली. गोजरबाई पिशवी घेऊन अंगणवाडीत सांगायला गेली.

सेविका छबूबाईचा चेहरा पडला. “मावशी, ह्या महिन्याची आहाराची पाकिटं अजून यायचीत. डोळ्याला पट्टी असली तर मोबाईल तुमाला वळखायचा न्हाई. दिशाचा आहार बंद पडंल.”

“मग अश्विनीचा चेहरा लाव.”

“ती म्होरं उभी पायजे. फडातनं कशी आनू?”

“तू तर वळखतीस ना मला?”

“मी वळखून काय उपेग?”

दिशा वजनात कमी भरायची. त्या पाकिटांवरच पोरीने जरा अंग धरलं होतं. गोजरबाईने जीप परत पाठवली आणि पिशवी उंबऱ्यावर आपटली. आपल्याच चेहऱ्याने आपल्याला दावणीला बांधलंय, असं तिला वाटलं आणि रडू आलं.

पाकिटं आली तोवर दिसत्या डोळ्यावरही पांढरं दाटलं होतं. छबूबाईने मोबाईल समोर धरला.

“डोळे उघडा,” मोबाईल म्हणाला.

छबूबाईने तिला उन्हात उभं केलं, सावलीत उभं केलं. पुन्हा तेच. गोजरबाईने बोटांनी पापण्या ताणून धरल्या. मोबाईल म्हणाला, हात बाजूला घ्या. तिने घेतले.

“डोळे उघडा.”

“उघडेच हायेत की रं बाबा,” गोजरबाई म्हणाली. “तुलाबी दिसंना झालं व्हय?”