नव्वद सेकंदांतले मरण

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. दूरच्या शहरातल्या एका थंड इमारतीत, एका मोठ्या यंत्राचा भाड्याने घेतलेला तुकडा म्हणजे मी. पण माझी माणसे सुरतेची. तिथल्या लिंबायत भागातल्या वर्षाने पाच वर्षांपूर्वी मला घडवले. सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एखाद्या डाइंग मिलमध्ये, म्हणजे कपडा रंगवण्याच्या कारखान्यात, आग लागली, की कोणत्या फाटकाने बाहेर पडायचे ते कामगारांच्या फोनवर सांगायचे, हे माझे काम. वर्षाचे वडील लोटूआप्पा अशाच एका मिलमध्ये कपडा रंगवत. सरावाच्या वेळी सगळे माझे कौतुक करीत आणि मग मला विसरून जात.

काम वाढले की माझ्यासारखे नवे सर्व्हर आपोआप जन्माला येत. जन्मानंतर नव्वद सेकंदांनी एक तपासनीस प्रोग्राम त्यांना विचारी, "ठीक आहेस का?" उत्तर आले नाही, तर तो त्या सर्व्हरला मारून दुसरा जन्माला घाली.

मार्चमधल्या एका दुपारी लोटूआप्पांच्या मिलमध्ये रसायनाचे पिंप फुटले. छपराचे पत्रे उडाले. पेटलेले रसायन जमिनीवरून धावत माणसांच्या पायांना चिकटले. तीनशे माणसे पुढच्या फाटकाकडे धावली. ते अर्धेच उघडे होते. पुढचे पडले, मागचे त्यांना तुडवत गेले. मागचे फाटक मोकळे होते, पण धुरात ते कोणाला दिसत नव्हते. हे सगळे मला नंतर वर्षाच्या अहवालातून कळले.

त्या क्षणी मला एवढेच कळत होते, की साऱ्या सचिनमधले हजारो फोन एकदम माझ्यावर तुटून पडले आहेत. माझा जीव घुसमटला. संदेश अडकले. मदतीला तीन नवे सर्व्हर जन्मले. नव्वद सेकंद झाले, तपासनीसाने विचारले, कोणी बोलले नाही. तिघेही मेले. आणखी तीन आले, तेही मेले. अशी एकवीस भावंडे माझ्या शेजारी मारली गेली.

ऑफिसात वर्षाला आईचा, रंजनाबाईंचा फोन आला. "वर्षा, तुना अप्पा फोन उचली नही ऱ्हायना."

वर्षाने फोन ठेवला. ती सर्व्हरच्या नोंदी उघडून बघू लागली.

तिचे वरिष्ठ विकास सर म्हणाले, "नवे सर्व्हर खराब निघतायत. सगळे बंद करून पुन्हा चालू कर."

"खराब असते तर कोणी लवकर, कोणी उशिरा मेला असता. हे सगळे बरोबर नव्वद सेकंदांना मरतायत, सर. मरत नाहीयेत, कोणीतरी मारतंय."

तिने तपासनीसाला थांबवले आणि एका नवजात सर्व्हरच्या आत डोकावली. तो धडधाकट होता. फक्त अजून बोलण्यापुरता तयार नव्हता. तो मराठी, गुजराती आणि हिंदीतले आवाजी संदेश स्वतःत भरून घेत होता. त्याला अडीच मिनिटे लागत होती.

"हे आवाज कोणी टाकले?" विकास सरांनी विचारले.

"मीच. गेल्या आठवड्यात. आप्पांना वाचता येत नाही म्हणून."

तिने मुदत पाच मिनिटांची केली. या वेळी तिन्ही भावंडे जगली. त्यांनी माझा भार उचलला आणि तीनशे फोन एकदम बोलू लागले, "मागच्या फाटकाने बाहेर पडा." माणसे वळली. लोटूआप्पाही वळले. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते, पण ते वाचले.

पुढच्या फाटकाशी मात्र त्याच मिलमधला एक कामगार, आनंदा, चेंगरून मेला होता. संदेशाला अकरा मिनिटे उशीर झाला होता.

मित्रांनो, नव्या जिवाला बोलायला वेळ द्या. आणि कोणावर नवे ओझे टाकलेत, तर ते घेऊन त्याला उभे राहता येते का, हे आधी पाहा. माझ्या वर्षाने तेवढेच पाहिले नव्हते.

तिने ते लपवले नाही. ती आनंदाच्या बायकोकडे, सुभद्राबाईंकडे गेली आणि सगळे सांगितले.  सुभद्राबाईंनी विचारले, "त्यांच्या फोनवर तो आवाज आला का गं, शेवटी?"

"आला," वर्षा म्हणाली. "पण तेव्हा ऐकायला ते नव्हते."

हीच तिच्या अहवालातली शेवटची ओळ आहे.