मागची डावी कमान

जावईबापूंनी डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा चढवला, पायांत रबरी चपला सरकवल्या आणि दोन्ही हातांनी पत्रा कापायचा ग्राइंडर उचलला. डेंटरने तिथेच तोंड वाकडं केलं. पस्तीस वर्षं तो गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करत आला होता. चेपलेली दारं, गंजलेले तळ, खांबाला मिठी मारून आलेली तोंडं, सगळं त्याने पाहिलं होतं. पण धडधाकट पत्रा हौसेपायी कापायला निघालेला माणूस, आणि तोही आपल्याच धाकट्या बहिणीचा नवरा, हे बघायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

हौस कसली, तर रुंद चाकांची. नवी चाकं गाडीच्या बाहेर चार बोटं येणार, म्हणून चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी कापायच्या आणि तिथे काळ्या प्लास्टिकच्या फुगीर कमानी ठोकायच्या. खोक्यातून आलेल्या त्या चारही कमानी भिंतीशी मांडून ठेवल्या होत्या. कुठून कापायचं ती रेघ जावईबापूंनी बायकोच्या नेलपॉलिशने ओढली होती, आणि तीही वाकडी.

"व्हिडिओत अगदी सोपं दाखवलंय, दादा," ते म्हणाले. "तुम्ही फक्त बघत राहा."

डेंटर बघत राहिला. चकती किंचाळली. ठिणग्यांचा फवारा थेट दाराच्या काचेवर उडाला. काचेवर जुनी चादरसुद्धा टाकलेली नव्हती. ती काच आता जन्मभर खरखरीत राहणार, हे कापणाऱ्याच्या गावीही नव्हतं. करपलेल्या रंगाचा वास घशात बसला. पुढची उजवी कमान सुटून खाली पडली, तेव्हा उरलेली कड उंदराने पाव कुरतडावा तशी दिसत होती. जावईबापूंनी त्या कडेवरून अंगठा फिरवला, कापून घेतला, तो काळा अंगठा तसाच तोंडात घातला आणि वर हसले. डेंटरला शिसारी आली. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती. यांना हळकुंडाचा नुसता वासही पुरला होता.

पण खरं सांगायचं तर त्याचं तोंड वाकडं झालं होतं ते एवढ्यासाठी नाही. पुढच्या दोन कमानी झाल्या की मागच्या दोन होत्या, आणि मागच्या डाव्या कमानीत पत्राच नव्हता.

ही गाडी त्यानेच बहिणीला दिली होती, दोन वर्षांपूर्वी. मागून डावीकडे मार खाऊन ती त्याच्या गॅरेजात आली होती. रीतीप्रमाणे तिथला पत्रा कापून नवा जोडायचा, वेल्डिंग करायचं. तीन आठवड्यांचं काम. आणि धाकटीला शब्द दिला होता शनिवारचा. मग घरचंच गिऱ्हाईक, उघडून कोण बघतंय, असं म्हणून त्याने भोकांत फोम फवारला, वर बोटभर जाड पुट्टी थापली, घासली आणि रंग मारला. गाडी चकाचक झाली. किल्ली घेताना धाकटी म्हणाली होती, "तू केलीयस म्हणजे मला बघायलाच नको." रोज सकाळी ती भाचीला शाळेत सोडायची. भाची मागे बसायची, डावीकडे, कारण उतरायला ती बाजू बरी. हे डेंटरला ठाऊक होतं, आणि तरी दोन वर्षं त्याला रात्री झोप लागत होती.

पुढचं काम उरकून जावईबापू मागे वळले, तसा तो म्हणाला, "मागचं राहू द्या. उद्या गॅरेजला घेऊन या, मी करून देतो."

"मघापासून तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून बसलाय, आणि आता तुम्हीच कापणार?"

बोलणं ऐकून धाकटी हातातल्या फडक्यासकट दारात आली. "दादा, करायचं तर इथेच कर ना. उद्या शाळा आहे, गाडी लागेल मला. मशीन आहे, तूही आहेस."

जावईबापूंनी लगेच ग्राइंडर पुढे केला. डेंटरने तो घेतला आणि मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला. आपणच मारलेला रंग नाकासमोर चमकत होता आणि त्यात आपलंच थोबाड दिसत होतं. सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. धाकटी पाठीशीच उभी होती. त्याने चकतीकडे पाहिलं आणि तो उठला.

"छे. ज्याची गाडी त्याने कापावी. उगाच माझ्या नावाने खडे फोडायला नकोत."

"नाचता येईना अंगण वाकडं," जावईबापू बायकोला म्हणाले आणि त्यांनी ग्राइंडर परत घेतला.

चकती टेकली, पण ठिणगी उडाली नाही. नुसता गुलाबी भुगा पिठासारखा उडू लागला. मग एक जाड खपली निखळली, जमिनीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. पत्र्याचे असे तुकडे होत नाहीत. आत पाणी पिऊन काळा पडलेला फोम होता, त्यातून एक किडा बाहेर आला आणि पुन्हा आत शिरला. साचलेल्या मोरीसारखा वास सुटला. आतला उरलासुरला लोखंडी भाग नखाने सोलता येईल इतका कुजला होता.

जावईबापूंनी चष्मा कपाळावर सरकवला. चेहरा पार उतरला होता. "दादा, काय केलं मी हे? तुम्ही सांगत होतात मागचं राहू द्या. मी ऐकलं नाही."

डेंटरला वाट आयती मिळाली, आणि त्याने ती धरली.

"सांगत होतो ना," तो म्हणाला. "माकडाच्या हाती कोलीत दिलं की असंच होणार."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच इतकी किळस आली की तोंड धुवावंसं वाटलं. तो गाढव निदान दिवसाढवळ्या, चारचौघांदेखत कापत होता. जावईबापूंनी त्याची माफी मागितली, मग बायकोची मागितली.

धाकटीने खपलीचा तुकडा उचलला, नखाने खरवडला आणि वास घेतला. तिचा बापही डेंटरच होता. बापाच्या गॅरेजात पत्र्यांच्या आवाजात दोघा भावंडांनी पाढे पाठ केले होते. ती आत गेली आणि भाचीचं वेळापत्रक फ्रिजला धरून ठेवणारं बदकाचं चुंबक घेऊन आली. पुढच्या दाराला लावलं, चिकटलं. मागच्या दाराला लावलं, चिकटलं. कमानीच्या वर लावलं, ते पडलं. वीतभर वर लावलं, तिथूनही पडलं.

"हे यांच्या कापण्यामुळे?" तिने विचारलं. विचारलं ते दादाला.

डेंटरने खपलीचा दुसरा तुकडा पायाने बाजूला सारला.

"बाबा दुसऱ्याचं काम तपासताना असंच चुंबक फिरवायचे." तिने बदक त्याच्या हातात दिलं. "अख्खी गाडी मी कुठे फिरत बसू. अजून कुठे कुठे पडतं, तूच दाखव."

"अगं, त्यांना काय माहीत असणार?" जावईबापू कळवळून म्हणाले.

मागच्या डाव्या दाराखाली, जिथे भाची चढताना रोज पाय द्यायची, तिथे डेंटर गुडघे टेकून बसला. त्याने चुंबक लावलं आणि हात काढला. ते पडलं. त्याने ते उचललं आणि पुढच्या जागेकडे सरकला.