उतरवलेल्या पंख्याचा सूड

मी पंखा बोलतोय. छताचा नाही, टेबलावरचाही नाही. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला थंड ठेवणारा, तळहाताएवढा पंखा. तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण आमचं आयुष्य कॅबिनेटच्या आत जातं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुर्गेशबद्दल आहे.

२००७ साली प्रोसेसर आणि मी बरोबरच सालेकसा गावात आलो, दुर्गेशच्या फोटो स्टुडिओत. तिथं लग्नांच्या शूटिंगचं मिक्सिंग चालायचं. प्रोसेसर तापायचा, मी फिरायचो. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखालीसुद्धा, मी त्याला सांभाळलं.

मग दुर्गेशला वेगाची हाव सुटली. प्रोसेसरला ताकदीबाहेर पळवायचं तो इंटरनेटवरून शिकला. माझा दम पुरेना. मशीन अति तापली की आपोआप बंद पडायची, तर ती सोयही त्यानं काढून टाकली. आणि खापर फोडलं माझ्यावर.

"या पंख्याच्यानं काही होत नाही. मोठा कूलर पाहून राहिलो मी," तो आईला म्हणाला.

"काऊन? चालून त राहिला," रामकलीबाई म्हणाल्या. माझी बाजू घेणारं तेवढंच एक माणूस.

कूलर म्हणजे माझंच काम करणारा, पण नळ्या-पत्र्यांचा सांगाडा असलेला मोठा पंखा. निवड फोटो पाहून झाली. एक बसका होता, एक मध्यम, एक वीतभर उंच, चकचकीत नळ्यांचा. नागपूरच्या दुकानदारानं फोनवर विचारलंही, कॅबिनेट केवढं आहे? "मोठं हाये," यानं न मोजताच ठोकून दिलं.

तो उंच आला. मला उपटून समोरच्या फळीवर टाकलं. पण कॅबिनेटचं झाकण काही लागेना, दीडशहाण्याचं डोकं बाहेर येत होतं. शेवटी दुर्गेशनं झाकणच काढून ठेवलं. फळीवरून मी रोज त्याचा तोरा बघायचो आणि रोज त्याचं वाईट चिंतायचो.

दसऱ्याला रामकलीबाईंनी बंद मशीनची पूजा केली. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार वाहिला. झाकण नव्हतं, म्हणून हार अडकवला तो थेट त्या उंच कूलरच्या गळ्यात. हाराच्या दोऱ्याचं टोक पात्यांपाशी लोंबत होतं. मला ते दिसलं.

दुर्गेशनं नमस्कार केला, मशीन चालू केली, एका लग्नाचं मिक्सिंग लावून दिलं आणि वळूनही न बघता गावात सोनं द्यायला निघून गेला.

दोरा पात्यांत गुंतला. गुंडाळत गेला. कूलर कण्हला आणि थांबला. मला ओरडता येत नाही. येत असतं तरी मी तोंड उघडलं नसतं. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

मग जळका वास आला.

"माय, काय केलंस वं तू?" परत आलेल्या दुर्गेशनं वायर उपटत विचारलं.

"मी देवाचं केलं. झाकण कोनं काढलं होतं?" रामकलीबाईंनी विचारलं. स्टुडिओ दिवाळी होईपर्यंत बंद राहिला.

दिवाळीनंतर नवा प्रोसेसर आला. सोबत माझ्यासारखाच एक छोटा पंखा होता. आता तोच फिरतो, झाकण बंद असतं आणि दुर्गेश वेगाचं नावही काढत नाही. उंच कूलर भंगारात गेला, त्याची मला जराही कीव आली नाही.

पण जळालेला प्रोसेसर माझ्या शेजारी फळीवर आणून ठेवलाय. कूलरला काही झालंच नव्हतं, नुसता दोरा काढायचा होता. जळाला तो हाच. मी अजून फिरू शकतो, आणि आता थंड करायला कोणी नाही.

कबाडीवाला येईल तेव्हा आम्हाला वेगळ्या पोत्यांत टाकू नका. एवढंच मागतो.