‘आवाज’ नावाचं फोल्डर

बाबांच्या फोनची यंत्रणा नवी झाली आणि दादाचं अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडायला लागलं. बाबांना दिसायचं कमी झालं तेव्हा दादानं ते एकट्यानं लिहिलं होतं. ठरल्या वेळी त्यातून त्याचाच आवाज यायचा: कुठली गोळी, किती पाणी. दादा जाऊन तेरा महिने झाले, तरी रोज दुपारी दोन वाजता तो बाबांशी बोलत होता. आता चार दिवस गप्प होता.

"मुलगी घरात आणि मी दुकानं शोधू?" बाबा म्हणाले. "काखेत कळसा नि गावाला वळसा!"

धाकटी ऑफिसात अ‍ॅपच बनवायची; तिनं रजा टाकली. दादानं कोड लिहिला ती भाषा एव्हाना दोन आवृत्त्या पुढे गेली होती. त्याच्या लॅपटॉपवरून घेतलेला कोड तिनं चालवून पाहिला, तर पहिल्याच फेरीत एकशे त्रेचाळीस चुका. नव्या आवृत्तीचा हट्ट एकच: एखादी जागा रिकामी निघू शकत असेल तर तसं आधीच सांगा, आणि निघालीच तर काय करायचं तेही लिहा. दादानं असलं कधी लिहिलं नव्हतं. सगळं असणारच, असं धरून चालणारा माणूस. एका ठिकाणी टीप होती: ‘हे का चालतं ते देवालाच ठाऊक. हात लावलास तर कान उपटीन.’ ती हसली. मग नाक पुसून तिनं त्याखालच्या ओळी बदलल्या.

तिसऱ्या दिवशी चुका शून्यावर आल्या, पण फोन नवं अ‍ॅप घेईना. प्रत्येक अ‍ॅपवर करणाऱ्याची गुप्त सही असते; ती जुळल्याशिवाय जुन्यावर नवं बसत नाही. दादाची त्याच्याबरोबरच गेली होती. ऑफिसात असं झालं की ती दिवसातून दहादा जे करायची, तेच तिनं केलं: जुनं काढलं, नवं टाकलं. आवाजाची तिला काळजी नव्हती. कोडमध्ये ‘आवाज’ नावाचं फोल्डर होतं, त्यात बारा फायली होत्या. तिनं त्या मोजल्या होत्या, वाजवून मात्र एकही पाहिली नव्हती. दोन वाजायला आले की तो आवाज ऐकवत नाही म्हणून ती गॅलरीत जाऊन उभी राहायची, ती काय फाईल वाजवणार?

दोन वाजले. फोनमधून घंटी वाजली. नुसती घंटी.

तिनं घाईघाईनं बाराही फायली वाजवल्या. बारा घंट्या. दादानं त्या चाचणीपुरत्या ठेवल्या असणार. खरं बोलणं त्यानं बाबांच्या शेजारी बसून थेट फोनमध्येच भरलं होतं, आणि जुन्या अ‍ॅपबरोबर ते पुसलं गेलं होतं.

"अगं, बोलला नाही तो," बाबा म्हणाले.

"बाबा, माझ्या हातून पुसलं गेलं."

"मग आण की परत. तुम्हा लोकांचं सगळं कुठे ना कुठे असतंच."

"नाही बाबा. हे फक्त याच फोनमध्ये होतं."

बाबा फोनवरून अंगठा फिरवत राहिले.

"थांब, मला पाठ आहे," ते म्हणाले. घसा खाकरून दादाच्या घाईनं बोलायला लागले, "बाबा, दोन वाजले, मोठी पांढरी घ्या, आणि पाणी..." मध्येच अडले. "छे. माझाच आवाज येतोय."

तिनं पाकिटातली गोळी सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवली. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.